सही करण्यापूर्वी

या अंकासाठी विषय ठरविताना आम्ही 'स्तनवर्धन शस्त्रक्रिया' हे शब्द उच्चारले, तेव्हा मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी चष्मा काढून पुसला, दुसऱ्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि तिसऱ्यांनी अगदी सौम्यपणे विचारले, "वाङ्मयीन त्रैमासिकात हा विषय कशासाठी?" प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचे उत्तर प्रथम देतो.

संस्कृत महाकाव्यांतील नायिकांची वर्णने आणि पंडितकवींचे शृंगारिक श्लोक आम्ही याच मंडळाच्या सभागृहात, स्त्री-पुरुष एकत्र बसून, वाचलेले आहेत. लावणीवरही व्याख्याने ऐकलेली आहेत. तेव्हा कोणी चष्मा पुसल्याचे स्मरत नाही. स्तन हा शब्द काव्यात आला की तो अलंकार असतो, आणि घरातल्या बाईच्या तोंडी आला की मात्र असभ्य ठरतो. मग तिला गाठ लागली तरी ती "छातीत जरा दुखतंय" एवढेच म्हणते, आणि तेही सहा महिन्यांनी. भारतीय स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनांचा आहे आणि आपल्याकडे तो फार उशिरा डॉक्टरांपुढे येतो. या उशिराला जी अनेक कारणे आहेत, त्यांत हा न उच्चारलेला शब्द एक आहे. शब्दांशी ज्याचा संबंध आहे असे मंडळ या बाबतीत हात झटकून मोकळे होऊ शकत नाही, असे आमचे मत आहे.

आता प्रसंग सांगतो. आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. चार पिढ्या सुरतेत. घरात मराठी, दारात गुजराती. नातीचे लग्न ठरले. मुलाकडून कोणी उघड काही म्हणाले नव्हते. साखरपुड्याच्या घागऱ्याचे माप देताना मुलीच्या आत्याबाई सहज काही बोलल्या, एवढेच. पुढे भ्रमणध्वनीवर जाहिराती येऊ लागल्या, एक चिकित्सालय पाहून झाले आणि विवाहाचा हॉल ज्या दिवशी मिळत होता त्याच्या आधी आठ आठवडे मोजून शस्त्रक्रियेची तारीख धरली गेली. तिथून चार पानांचा इंग्रजी कागद घरी आला. आजोबांनी तो आमच्याकडे आणला तो भाषांतरासाठी. कागदाच्या शेवटी मुलीची सही होती, आईचीही होती. वरची साडेतीन पाने कोणी वाचलेली नव्हती. "कोरंच होतं म्हणा ना," आजोबा म्हणाले. चिकित्सालयात तो कागद समजावून सांगायला किती वेळ दिला, असे आम्ही विचारले. चहा येऊन संपेपर्यंतचा, असे उत्तर मिळाले.

त्याच घरातले मुलीचे मामा हिऱ्याच्या धंद्यात आहेत. आयग्लास डोळ्याला लावल्याशिवाय आणि प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय ते पाव कॅरटचा खडा पुडीतून बाहेर काढू देत नाहीत. रिंगरोडवरच्या कापडबाजारात आपल्याच घरांतल्या बायका दुकानदाराला साडीचा पदर उलटा करून दाखवायला लावतात. तेच आपण भाचीच्या शरीरात आयुष्याची काही वर्षे राहणार असलेली वस्तू कोणत्या कारखान्याची, कोणत्या प्रकारची आणि किती वर्षे टिकणारी, हे विचारायला लाजलो. या विसंगतीवर आमचा राग आहे, त्या मुलीवर नाही.

आणि हे सुरतेत घडावे, याचे अधिक वाईट वाटते. आपल्यापैकी जुन्या घरांना ठाऊक आहे की डॉ. रखमाबाई याच गावात राहिल्या. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या मुलीने मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली दादाजी भिकाजीने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, अपिलात निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून त्या डॉक्टर झाल्या आणि १८९५ पासून वीसहून अधिक वर्षे त्यांनी सुरतेतल्या स्त्रियांच्या रुग्णालयाची धुरा वाहिली. सुरुवातीला एकही बाई बाळंतपणाला दवाखान्यात येईना, तेव्हा त्यांनी एका गाभण मेंढीला दाखल करून घेऊन तिची सुटका केली आणि मग बायका येऊ लागल्या, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो की रचलेली, ती सुरतेच्या बायकांच्या भीतीविषयी पुष्कळ सांगून जाते.

रखमाबाईंचा खटला आपण बालविवाहाच्या प्रकरणात घालून कपाटात ठेवतो. आमच्या मते तो संमतीचा खटला होता. माझ्या वतीने इतरांनी दिलेला होकार मला बांधतो काय, एवढाच प्रश्न त्या मुलीने विचारला होता. घागऱ्याचे माप देणाऱ्या आत्याबाई, हॉलची तारीख पाहणारे वडील आणि कागदावर दुसरी सही करणारी आई यांच्यापुढे तोच प्रश्न आज वेगळ्या वेषात उभा आहे.

कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे. 'समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला. चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित स्त्री तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर होती. बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. न्यायालय म्हणाले, रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे आणि तिच्या जिवाला तातडीचा धोका नाही. तेव्हा आईची संमती ही तिची संमती नव्हे. शस्त्रक्रियेचे स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, ठळक धोके आणि ती न केल्यास काय होईल, हे सांगितल्यावर मिळालेला होकारच खरा होकार, असेही न्यायालयाने सांगितले. मात्र लांबचे, क्वचित उद्भवणारे धोके सांगितलेच पाहिजेत असे नाही. ते ऐकून घाबरलेला रुग्ण आवश्यक उपचारही टाळेल, असा त्यामागचा विचार. आमचे म्हणणे असे की जिथे उपचारच आवश्यक नाही, तिथे हा युक्तिवाद उरत नाही. निरोगी अवयवावर सुरी चालवायची असेल तर हजारात एकाला होणारा त्रासही ऐकण्याचा हक्क आहे. आणि डॉक्टर तो आपण होऊन सांगतीलच असे नसल्यामुळे, विचारण्याचे काम आपल्याकडे येते.

विचारायचे काय, हे ठाऊक नसेल तर विचारणार कसे? म्हणून थोडे तपशिलात शिरतो. संकोच वाटेल त्यांनी दोन परिच्छेद ओलांडून पुढे जावे; पण ज्यांना संकोच वाटतो त्यांनीच ते वाचावेत अशी आमची इच्छा आहे.

या शस्त्रक्रियेत स्तनाच्या ऊतीखाली किंवा छातीच्या स्नायूखाली एक पिशवी बसवितात. पिशवीचे कवच सिलिकोनचे. आत सिलिकोनचा गोळा किंवा मिठाचे निर्जंतुक पाणी. छेद स्तनाखालच्या घडीत, स्तनाग्राच्या वर्तुळाकाठी किंवा काखेत घेतात. शरीर या पाहुण्याला कधीच आपले म्हणत नाही; ते त्याच्याभोवती व्रणाच्या ऊतीचे एक वेष्टन विणते. बहुतेकींमध्ये हे वेष्टन मऊ राहते. काहींमध्ये ते आवळत जाते, स्तन कठीण होतो, आकार बिघडतो, दुखतो आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. पाण्याची पिशवी फुटली तर स्तन बसतो आणि लगेच कळते; सिलिकोनची फुटली तर वरून काहीच कळत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिलिकोनच्या पिशव्यांसाठी पाच-सहा वर्षांनी पहिली आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी तपासणी सुचविली आहे, लक्षणे असोत वा नसोत. या तपासण्यांचा खर्च चिकित्सालयाच्या 'पॅकेज'मध्ये धरलेला आम्ही पाहिलेला नाही. त्याच प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रत्येक पिशवीसोबत ठळक चौकटीतला इशारा आणि रुग्णाने एकेक मुद्दा वाचून मान्य करावयाची यादी सक्तीची केली. त्या इशाऱ्यातले पहिलेच म्हणणे असे की ही वस्तू आयुष्यभराची नव्हे, आणि ती जितकी अधिक काळ शरीरात राहील तितकी गुंतागुंतीची शक्यता वाढत जाईल. बाविसाव्या वर्षी बसवून घेणाऱ्या मुलीने याचा अर्थ नीट समजून घ्यावा. तिला एक शस्त्रक्रिया विकली जात नसून पुढच्या चाळीस वर्षांत होणाऱ्या दोन-तीन शस्त्रक्रियांपैकी पहिली विकली जात असण्याचा संभव आहे. बावीस हा आकडाही आम्ही उगाच घेतला नाही. केवळ आकारासाठी सिलिकोनची पिशवी बसवायला अमेरिकेत बाविसाच्या आतली मुलगी चालत नाही, पाण्याच्या पिशवीला अठरा पुरतात.

पुढे मूल होईल, त्याला अंगावर पाजायचे असेल. पुष्कळ स्त्रिया पाजू शकतात, काहींना दूध कमी येते, काहींना येतच नाही. छेद स्तनाग्राच्या काठी घेतला असेल तर दूधवाहिन्यांना आणि तिथल्या मज्जातंतूंना इजा होण्याचा धोका अधिक. स्पर्शाची जाणीव काही काळ किंवा कायमची कमी होऊ शकते. लग्नाच्या तोंडावर या शस्त्रक्रियेचा आग्रह धरणाऱ्यांनी वर्षभरात 'गोड बातमी'चीही अपेक्षा धरलेली असते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात कोणी आणून देत नाही. पुढे चाळिशीनंतर मॅमोग्राफी करायची वेळ आली की पिशवीमागची ऊती झाकली जाते. तंत्रज्ञाला आधी सांगावे लागते आणि जादा छायाचित्रे घ्यावी लागतात. जिने घरात हा शब्दच कधी उच्चारला नाही, ती तंत्रज्ञाला सांगेल काय?

या वस्तूचा इतिहासही विश्वास वाढविणारा नाही. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे टिमी जीन लिंडसे या स्त्रीला पहिली सिलिकोनची पिशवी बसविली गेली. बाई रुग्णालयात गेल्या होत्या छातीवरचे गोंदण काढायला. डॉक्टरांनी नवा प्रयोग सुचविला. बाईंनी सांगितले, मला खरे तर माझे पुढे आलेले कान मागे बसवून हवे आहेत. दोन्ही झाले. जिने जे मागितलेच नव्हते ते तिला मिळाले, आणि तिथून एक जागतिक धंदा उभा राहिला. पुढे तक्रारी वाढल्या. १९९२ साली अमेरिकेने केवळ सौंदर्यासाठी सिलिकोनच्या पिशव्या वापरण्यास बंदी केली, ती २००६ साली उठली. मधल्या काळात झालेल्या मोठ्या पाहणीत सांधे व संयोजी ऊतींच्या रोगांशी या पिशव्यांचा संबंध सिद्ध झाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भीती घालून आम्हाला कोणाला परावृत्त करायचे नाही. पण फ्रान्समधल्या पी.आय.पी. कंपनीचे प्रकरण घ्या. कंपनीने औद्योगिक वापराचे स्वस्त सिलिकोन पिशव्यांत भरले, एका नामांकित जर्मन संस्थेचा शिक्का असताना भरले, आणि २०१० साली ते उघडकीस येईपर्यंत जगभरातल्या सुमारे तीन लाख स्त्रियांच्या शरीरात ते गेले होते. मालकाला २०१३ साली चार वर्षांची शिक्षा झाली. आणखी अलीकडचे सांगायचे तर खडबडीत पृष्ठभागाच्या पिशव्यांभोवतीच्या वेष्टनात एक विशिष्ट लिम्फोमा होतो, हे ध्यानात आल्यावर ॲलर्गन कंपनीने जुलै २०१९ मध्ये आपल्या तशा पिशव्या जगभरातून परत घेतल्या. तोवर अमेरिकेच्या प्रशासनाकडे ५७३ रुग्णांची आणि ३३ मृत्यूंची नोंद झालेली होती. रोग विरळा आहे, वेळेवर पिशवी व वेष्टन काढले तर बहुधा बराही होतो. परंतु तो पिशवी बसविल्यावर कित्येक वर्षांनी येतो आणि सुरुवातीला केवळ सूज दिसते. आठ-दहा वर्षांनी सूज आली तर आपल्या शरीरात कोणती पिशवी आहे हे सांगता आले पाहिजे. प्रत्येक पिशवीसोबत कंपनी, नमुना आणि क्रमांक असलेले कार्ड येते. ते मागून घ्यावे आणि आयुर्विम्याच्या कागदांत ठेवावे. आम्ही ज्या घराविषयी लिहितो आहोत, त्या घरात हॉलची पावती तीन प्रतींत जपून ठेवली होती. या कार्डाचे नाव त्यांनी आमच्याकडून प्रथम ऐकले.

काही गोष्टी घाईघाईने सांगून मोकळे होतो. 'कॉस्मेटिक' ही पाटी कोणीही लावतो. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा तत्सम पदवी आहे की नाही, ते विचारावे. भूल कोण देणार आणि त्याच इमारतीत अतिदक्षता विभाग आहे काय, हे विचारावे. २०२२ साली बंगळूरमध्ये चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या एकवीस वर्षांची अभिनेत्री दगावली, हे वर्तमानपत्रांत सर्वांनी वाचले आहे. तंबाखू, गुटखा, मिश्री यांनी जखम भरायला उशीर होतो. आपल्या घरांतल्या मिश्री लावणाऱ्या काकू-मावशांना कोणी हे विचारत नाही, कारण त्यांना व्यसन आहे असे कोणी समजतच नाही. आकार वाढविणारी मलमे आणि यंत्रे हा निव्वळ बाजार आहे. द्रवरूप सिलिकोन सुईने टोचून देणाऱ्यापासून मात्र चार हात दूर राहावे; तो जिवाशी खेळ आहे.

इथे एक भेद करणे आवश्यक आहे, नाही तर आमच्यावर अन्याय होईल. कर्करोगात स्तन गमावलेल्या स्त्रीला तो पुन्हा घडवून देणे, भाजलेल्या किंवा जन्मतः दोष असलेल्या मुलीला आकार देणे, हे वैद्यकाचे जुने आणि उदात्त काम आहे. पुण्यात १७९३ च्या सुमारास टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या कातडीचे नाक बसवून देण्यात आले. ते काम एका वीटभट्टीवाल्या जातीच्या कारागिराने केले, दोन इंग्रज शल्यविशारद पाहत उभे होते आणि १७९४ साली लंडनच्या मासिकात त्याची हकीकत छापून आली. युरोपातली आधुनिक प्लास्टिक सर्जरी त्या हकीकतीपासून पुष्कळ शिकली. गेलेले परत देणारे ते काम होते. आपल्या विमा कंपन्यांना आणि करखात्यालाही हा भेद कळतो: अपघात, भाजणे, कर्करोग यानंतरच्या पुनर्रचनेला विमा मिळतो, निव्वळ सौंदर्यासाठी मिळत नाही, वस्तू व सेवा करातली वैद्यकीय सेवेची सूटही अशा सौंदर्यशस्त्रक्रियेला लागू नाही. तमिळनाडू सरकारने २०१८ साली चेन्नईच्या शासकीय रुग्णालयात गरीब स्त्रियांसाठी स्तनांची शस्त्रक्रिया मोफत सुरू केली, तेव्हा सौंदर्य श्रीमंतांपुरतेच का, असा प्रश्न पुढे आला. प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. ज्या स्त्रीचे दोन स्तन जन्मतः असमान आहेत तिचे दुःख श्रीमंत-गरीब पाहत नाही.

आता आमच्या दोन्ही बाजूंच्या टीकाकारांना उत्तर देतो. एक पक्ष म्हणतो, "तिचं शरीर, तिचा निर्णय, तुम्ही कोण?" मान्य. पण ज्या निर्णयाची तारीख हॉलवाल्याने ठरविली आणि ज्याचे कारण आत्याबाईंनी पुरविले, त्याला तिचा निर्णय म्हणण्यास आम्ही तयार नाही. स्वातंत्र्याची भाषा आज जाहिरातींनी उसनी घेतली आहे आणि ती इतकी गोड बोलते की आपलीच वाटते. दुसरा पक्ष म्हणतो, "आपल्या घरांत असले प्रकार होत नाहीत." या पक्षाशी आमचे भांडण अधिक जुने आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेत शिक्षक असताना १८४४ साली दुर्गाराम मेहताजींसह मानवधर्म सभा भरवीत, तेव्हाही गावातल्या भल्या माणसांचे म्हणणे हेच होते की आपल्या घरांत असले प्रकार होत नाहीत. होतात. दार लावून होतात, म्हणून अधिक वाईट होतात. मुलीला प्रश्न विचारायला आई नसते, आजी नसते. असते ती जाहिरात, आणि जाहिरातीला सगळी उत्तरे येतात.

आमचे स्वतःचे मत लपविण्याचे कारण नाही. लग्नासाठी, नवऱ्यासाठी किंवा नवऱ्याच्या घरच्या एखाद्या वाक्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये असे आम्हाला वाटते. ज्या घराला आपल्या मुलीचे शरीर मापात बसवून हवे आहे, त्या घराने घागरा बदलावा. परंतु स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या कमाईने, सर्व माहिती घेऊन एखादी स्त्री हे करीत असेल, तर तिच्या निर्णयावर नाक मुरडण्याचा अधिकार आम्हाला नाही, आणि या अंकाच्या वाचकांनाही नाही.

त्या चार पानांचे आम्ही मराठी केले. दोन दिवस लागले. 'कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर'ला काय म्हणावे यावर आम्ही आणि आजोबा बराच वेळ अडून बसलो. शेवटी 'वेष्टन आवळणे' लिहिले. तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत, पुढील शस्त्रक्रियांचा खर्च रुग्णाने करावा असे कलम होते. मुलीने सगळे वाचून घेतले, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वहीच्या कागदावर अकरा प्रश्न लिहून आणले. नववा प्रश्न असा होता: "पिशवी काढून टाकावीशी वाटली तर आतली जागा पूर्वीसारखी होते का?" त्याचे उत्तर आमच्याजवळ होते: बहुधा नाही, त्वचा ताणलेली असते आणि सुरकुतलेपण राहू शकते. पण ते आम्ही सांगितले नाही. ज्यांच्या हाती सुरी जाणार आहे त्यांच्याकडूनच ते ऐकावे म्हणून तिला परत पाठविले.

चिकित्सालयाने भेटीची वेळ पुढच्या मंगळवारची दिली आहे. आधीच्या कागदावरची सही तिने तूर्त मागे घेतली आहे. आईची सही, आजोबा सांगत होते, आईने स्वतःच खोडली.